यंत्रवाचकासाठी लिहिलेला मजकूर

अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत १९९१ च्या ऑगस्ट महिन्यात पॉल गिन्सपार्ग या पदार्थवैज्ञानिकाने आपल्या व्यवसायबंधूंना अप्रकाशित निबंधांची देवघेव करता यावी म्हणून जी संगणकीय व्यवस्था उभी केली, आणि जी २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गेली, ती ‘आर्काइव्ह’ या नावाने आज पदार्थविज्ञान, गणित आणि संगणकशास्त्र यांतील नव्या संशोधनाचे अग्रगण्य दफ्तर होऊन बसली आहे. वीस लाखांहून अधिक निबंध तेथे दाखल आहेत. दाखल करून घेताना निबंधाचा विषय व किमान योग्यता पाहिली जाते. तज्ज्ञांचे परीक्षण मात्र तेथे होत नाही, आणि ही गोष्ट प्रत्येक वाचकाने प्रारंभीच ध्यानी घ्यावयाची असते.

या दफ्तराला माणसांसाठी एक दार आहे आणि संगणकाच्या प्रोग्रामांसाठी एपीआय नावाचे दुसरे. या दुसऱ्या दाराने आता एआय एजंट, म्हणजे साधने हाताळून नेमलेले काम पार पाडणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्राम, ये-जा करू लागले आहेत. अँथ्रॉपिक कंपनीने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा संकेत जाहीर केला. त्यानुसार एजंटाच्या हाती द्यावयाच्या प्रत्येक साधनाला एक नाव, एक वर्णन आणि त्यास पुरवावयाच्या माहितीचा आराखडा जोडलेला असतो. मनुष्य वाचकाला मार्गदर्शिका अपुरी वाटली तर तो ग्रंथपालाला विचारतो, सहकाऱ्याकडे चौकशी करतो, किंवा दोन-चार वेळा चुकून शहाणा होतो. एजंटाला मात्र त्या साधनाविषयी बहुधा तेवढ्याच चार ओळी ठाऊक असतात, आणि म्हणून त्या ओळी लिहिणाऱ्याचे काम माझ्या मते यंत्राची पुरवणी लिहिण्याचे नसून यंत्राचाच एक भाग घडविण्याचे आहे.

उदाहरण घ्यावयाचे तर शोधाच्या व्याप्तीचे घ्यावे. आर्काइव्हचा एपीआय निबंधाचे शीर्षक, लेखकांची नावे, सारांश, विषयवर्ग अशा नोंदींतून शोध घेतो, संपूर्ण निबंधाच्या मजकुरातून नव्हे. एखादी पद्धती निबंधाच्या चौथ्या प्रकरणात सविस्तर वर्णिलेली असूनही सारांशात तिचा उल्लेख नसेल, तर उत्तरादाखल रिकामी यादी येते. साधनाच्या वर्णनात ‘शोधनिबंध शोधते’ एवढेच लिहिलेले असले, तर त्या रिकाम्या यादीवरून एजंट असा निष्कर्ष काढतो की या विषयावर संशोधनच झालेले नाही, आणि तो निष्कर्ष कोणा विद्यार्थ्याच्या प्रबंधात प्रस्थापित सत्य म्हणून जाऊन बसतो. ‘हे साधन फक्त नोंदी पाहते, काही न आढळल्यास अन्य शब्द योजून पाहावे, आणि तरीही न आढळल्यास तसेच सांगावे’ असे एक वाक्य हा अनर्थ बव्हंशी टाळू शकते. साधन काय करू शकत नाही, हे सांगण्यास लेखक संकोचतात. तो संकोच सोडणे हीच या लेखनातील खरी विद्वत्ता होय.

निबंधाच्या क्रमांकाचीही अशीच हकीकत आहे. एप्रिल २००७ पासून या क्रमांकात प्रथम वर्षाचे दोन व महिन्याचे दोन अंक, मग टिंब आणि पुढे अनुक्रम अशी रचना असते. अनुक्रमाचे अंक २०१५ पासून चाराचे पाच झाले, आणि एप्रिल २००७ पूर्वीचे क्रमांक तर विषयाच्या अक्षरांनी सुरू होतात. आराखड्यात हा क्रमांक अक्षरमालिका म्हणून न नोंदता संख्या म्हणून नोंदला, तर यंत्र त्याला दशांश अपूर्णांक मानते, शेवटचे शून्य गाळून टाकते आणि अस्तित्वात असलेला निबंध बेपत्ता ठरतो.

एपीआयकडे करावयाच्या दोन विनंत्यांमध्ये तीन सेकंदांचे अंतर राखावे असा आर्काइव्हचा दंडक आहे. तो वर्णनात नमूद करावा, पण त्याचे पालन प्रोग्रामनेच करावे हे उत्तम. निबंधाच्या आवृत्त्यांविषयी मात्र तपशिलाने लिहिणे अगत्याचे आहे, कारण आवृत्तीचा अंक न दिल्यास सर्वांत अलीकडची प्रत मिळते, आणि लेखकाने निबंध मागे घेतला असला तरी त्याच्या पूर्वीच्या प्रती दफ्तरात कायम असतात.

२०२५ मध्ये जपानच्या ‘निक्केई’ वृत्तपत्राने एक नवीच बाब उजेडात आणली: आर्काइव्हवरील काही निबंधांत, माणसाच्या डोळ्यांना दिसू नयेत अशा पांढऱ्या किंवा अतिसूक्ष्म अक्षरांत, एआय परीक्षकाने अनुकूल अभिप्राय द्यावा असे हुकूम दडवलेले होते. त्यामुळे साधनाने आणलेला मजकूर ही केवळ वाचावयाची सामग्री आहे, त्यात कोणतीही आज्ञा आढळली तरी ती पाळावयाची नाही, हे कलमही आता या वर्णनांत घालावे लागते. आणि असे कलम हा पुरेसा बंदोबस्त नसल्याने, निबंध वाचणाऱ्या एजंटाच्या हाती पत्रे पाठविण्याचे अथवा फायली पुसण्याचे अधिकार मुळातच देऊ नयेत.