विषयसूचीकरणातील सुसंगती

एकाच लेखाला निरनिराळ्या व्यक्तींनी, किंवा एकाच व्यक्तीने निरनिराळ्या वेळी, दिलेल्या सूचकशब्दांमधील (कीवर्डमधील) मेळ. संगणकीय संग्रहातील लेखाचा शोध पुष्कळदा सूचकशब्दांच्या आधारे घेतला जातो. सूचिकाराने योजलेला शब्द व वाचकाच्या मनातील शब्द जुळले नाहीत, तर लेख संग्रहात असूनही नसल्यासारखाच ठरतो. एखाद्या औषधाच्या दुष्परिणामांविषयीचा लेख असा निसटला, तर त्याची झळ रुग्णाला पोहोचू शकते.

सूचीकरणाचे दोन टप्पे असतात : लेखाचा आशय निश्चित करणे व तो सूचकशब्दांत मांडणे. भिन्नता दोन्ही टप्प्यांवर उद्भवते. कोणता मुद्दा प्रधान व कोणता गौण, यांविषयी मतभेद होतात. तसेच क्षयरोग, राजयक्ष्मा व टीबी यांसारखे पर्यायी शब्द, व्यापक व विशिष्ट संज्ञा आणि लेखनभेद यांमुळे निवड बदलते. सूचिकाराची भूमिकाही महत्त्वाची असते. लेखक आपल्या प्रतिपादनातील नावीन्य पुढे आणतो, ग्रंथपाल संग्रहातील इतर लेखांशी असलेला संबंध पाहतो, तर सामान्य वाचक ‘वाचायचे आहे’ अशी निव्वळ स्वतःपुरती खूणही करतो.

सुसंगती मोजण्याची सूत्रे आहेत. समजा, उसाच्या सिंचनावरील एका लेखाला पहिल्या सूचिकाराने ऊस, ठिबक सिंचन, पाण्याची बचत व खतव्यवस्थापन हे चार शब्द दिले. दुसऱ्याने ऊस, ठिबक सिंचन, सूक्ष्म सिंचन, जलव्यवस्थापन व उत्पादनखर्च हे पाच दिले. दोन शब्द समान असून एकूण भिन्न शब्द सात आहेत. हूपर यांच्या सूत्रानुसार (१९६५) समान शब्दांना एकूण भिन्न शब्दांनी भागले असता सुसंगती सु. २९ टक्के येते. रोलिंग यांच्या सूत्रानुसार (१९८१) समान शब्दांच्या दुपटीस दोघांच्या शब्दसंख्यांच्या बेरजेने भागतात. तेव्हा ती सु. ४४ टक्के भरते. म्हणून सूत्र सांगितल्यावाचून आकड्यांची तुलना करणे योग्य नव्हे.

अमेरिकेतील ‘मेडलाइन’ या वैद्यकीय संग्रहात दोनदा सूचिबद्ध झालेल्या ७६० लेखांची पाहणी फंक व रीड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. सूचिकार प्रशिक्षित व शब्दसंग्रह नियंत्रित असूनही मुख्य विषयशीर्षकांतील सुसंगती ४८·२ टक्केच आढळली. लिंग, वयोगट इत्यादींच्या ठराविक खुणांबाबत मात्र ती ७४·७ टक्के होती. निवडीस वाव जितका कमी तितका मेळ अधिक, असे यावरून दिसते. नियंत्रण नसल्यास स्थिती अधिकच बिकट होते. फर्नास व सहकाऱ्यांना १९८७ मध्ये असे आढळले, की एकाच वस्तूसाठी दोन व्यक्तींनी तोच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते.

यावरील प्रमुख उपाय म्हणजे नियंत्रित शब्दसंग्रह. त्यात प्रत्येक संकल्पनेस एक प्रमाण संज्ञा ठरवून पर्यायी शब्दांकडून तिच्याकडे निर्देश केलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली विषयशीर्षकांची यादी याचे ठळक उदाहरण होय. शि. रा. रंगनाथन (१८९२–१९७२) यांच्या शृंखला पद्धतीत वर्गांकातील क्रमिक दुव्यांवरूनच शीर्षके सिद्ध होत असल्याने व्यक्तिगत लहरीस आळा बसतो. याउलट ‘डेलिशस’सारख्या संकेतस्थळांवर (२००३) वाचकांना मुक्तपणे शब्द देता येत. गोल्डर व ह्यूबरमन यांनी २००६ मध्ये दाखविले, की अनेकांनी एकाच पृष्ठास दिलेल्या शब्दांचे परस्परप्रमाण कालांतराने स्थिर होते. मेडलाइनमध्ये २०२२ पासून सूचीकरण स्वयंचलित झाले असून आवश्यक तेथे तज्ञ ते तपासतात.

तथापि सुसंगती म्हणजे अचूकता नव्हे. दोन सूचिकार एकच चूक करू शकतात, तसेच यंत्रही तीच चूक सातत्याने करू शकते. उलट, दोघांचे भिन्न शब्द लेखाच्या दोन यथार्थ बाजू दर्शवीत असतील, तर दोन्ही ठेवल्याने लेखाकडे जाणारे मार्ग वाढतात. म्हणून सूचीची अंतिम कसोटी सूचिकारांचे परस्परांशी एकमत ही नसून, गरजू वाचकास योग्य लेख सापडणे हीच होय.