प्रवासातील डिजिटल छायाचित्रांचे जतन

प्रवासातील डिजिटल छायाचित्रांचे जतन म्हणजे प्रवासात काढलेली छायाचित्रे घरी परतेपर्यंत सुरक्षित राहावीत म्हणून ती साठवण्याची आणि त्यांच्या राखीव प्रती ठेवण्याची पद्धत होय. राखीव प्रतीस व्यवहारात 'बॅकअप' म्हणतात. मोबाइल हरवला तर दुसरा विकत घेता येतो. परंतु वृद्ध आईवडिलांसह केलेल्या चारधाम यात्रेची छायाचित्रे गेली तर ती पुन्हा काढता येतातच असे नाही. जतनाचे महत्त्व या फरकात आहे.

पार्श्वभूमी

प्रवासात छायाचित्रे सांभाळण्याचा प्रश्न डिजिटल काळाच्या आधीपासूनचा आहे. अर्नेस्ट शॅकलटन यांच्या अंटार्क्टिका मोहिमेतील 'एन्ड्युरन्स' हे जहाज १९१५ साली बर्फाच्या दाबाने चिरडले गेले. मोहिमेचे छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांनी पाण्यात बुडालेल्या भागातून काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. परंतु सर्वच सोबत नेणे शक्य नसल्याने सुमारे १२० निवडून उरलेल्या सुमारे ४०० फोडून टाकाव्या लागल्या. काचेच्या निगेटिव्हची तंतोतंत प्रत जागेवर करणे तेव्हा शक्य नव्हते. डिजिटल छायाचित्राची प्रत मात्र मूळ संचिकेसारखीच असते आणि काही क्षणांत तयार होते. जतनाच्या सर्व आधुनिक पद्धती याच गुणधर्मावर उभ्या आहेत.

छायाचित्रे नष्ट होण्याची कारणे

प्रवासात छायाचित्रे गमावण्याची कारणे प्रामुख्याने चार प्रकारची असतात : उपकरणाची चोरी किंवा हरवणे, पाणी, धूळ व आघात यांमुळे होणारे नुकसान, मेमरी कार्डातील बिघाड, आणि मानवी चूक, म्हणजे छायाचित्रे चुकून पुसणे किंवा कार्ड फॉरमॅट करणे. विमानतळावरील क्ष-किरण तपासणीमुळे मेमरी कार्डातील छायाचित्रे खराब होतात ही समजूत निराधार आहे. तो धोका रासायनिक फिल्मला असतो.

तीन-दोन-एक नियम

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या लेखनातून प्रसिद्धीस आलेला हा नियम सर्वत्र मान्य आहे. प्रत्येक छायाचित्राच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत अन्य ठिकाणी असावी, असे तो सांगतो. कॅमेरा, लॅपटॉप व हार्ड डिस्क एकाच पिशवीत ठेवल्यास ती पिशवी चोरीस जाताच तिन्ही प्रती जातात. त्यामुळे एक प्रत अंगावरच्या खिशात, दुसरी सामानात आणि तिसरी इंटरनेटवर किंवा सहप्रवाशाकडे, अशी विभागणी करतात.

साठवणुकीची साधने

मेमरी कार्ड : एसडी कार्ड १९९९ साली प्रचारात आले. ६४ जीबीच्या कार्डावर प्रत्येकी २५ एमबीची सुमारे अडीच हजार कच्ची (रॉ) छायाचित्रे मावतात. मात्र संपूर्ण प्रवास एकाच मोठ्या कार्डावर साठवण्यापेक्षा दोन-तीन कार्डे वापरल्यास एक निकामी झाले तरी सर्व छायाचित्रे जात नाहीत. काही कॅमेऱ्यांत दोन कार्डांची सोय असते व प्रत्येक छायाचित्र दोन्हींवर एकाच वेळी नोंदवता येते. भरलेल्या एसडी कार्डाच्या कडेची लहान खिट्टी 'लॉक'कडे सरकवल्यास त्यावर चुकून लेखन होत नाही.

हार्ड डिस्क व एसएसडी : पारंपरिक हार्ड डिस्कमध्ये वाचन-लेखन करणारे टोक फिरत्या तबकडीवर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. हवा विरळ झाली की हा थर अपुरा पडतो. म्हणून अनेक हार्ड डिस्क समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटरपर्यंतच वापरण्यास योग्य मानल्या जातात. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे लडाख किंवा हिमालयातील गिर्यारोहणासाठी फिरते भाग नसलेली एसएसडी अधिक भरवशाची ठरते. ती धक्केही अधिक सोसते.

क्लाउड : इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकावर ठेवलेली प्रत चोरी वा अपघातापासून सुरक्षित असते. गूगल फोटोजवरील अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. तेव्हापासून नवी छायाचित्रे खात्याच्या १५ जीबी विनामूल्य मर्यादेत मोजली जातात. दिवसाकाठी २५ एमबीची २०० छायाचित्रे, म्हणजे ५ जीबी, सेकंदाला २ मेगाबिट वेगाने पाठवण्यास साडेपाच तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून दुर्गम भागात केवळ निवडक छायाचित्रे पाठवणे व्यवहार्य असते.

समक्रमण म्हणजे राखीव प्रत नव्हे. अनेक सेवांमध्ये मोबाइलवरून पुसलेले छायाचित्र क्लाउडवरूनही पुसले जाते आणि ठरावीक मुदतीनंतर परत मिळत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र आकुंचित होते. मूळ दर्जा टिकवायचा असल्यास ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे लागते. खात्याचा सांकेतिक क्रमांक हरवलेल्या मोबाइलवरच येणार असेल, तर छायाचित्रे सुरक्षित असूनही प्रवासात ती उघडता येत नाहीत. यासाठी खात्याचे पर्यायी संकेत कागदावर लिहून वेगळे ठेवतात.

प्रत करताना घ्यावयाची काळजी

दररोज मुक्कामी पोहोचल्यावर प्रत करणे ही सर्वांत उपयुक्त सवय मानली जाते. त्यामुळे नुकसान झालेच तर ते एका दिवसापुरते राहते. प्रत पूर्ण झाल्यावर संचिकांची संख्या ताडून पाहावी व काही छायाचित्रे उघडून पाहावीत. ही खातरजमा झाल्याशिवाय मूळ कार्ड पुसू नये. कॅमेरा संचिकांना सहसा ०००१ ते ९९९९ असे क्रमांक देतो व पुढे पुन्हा पहिल्यापासून मोजतो. दोन कॅमेऱ्यांची छायाचित्रे एकाच फोल्डरमध्ये टाकल्यास समान नावामुळे एक संचिका दुसरीवर लिहिली जाण्याची शक्यता असते. दिनांक व ठिकाणानुसार स्वतंत्र फोल्डर केल्यास हा धोका टळतो. पावसाळी भटकंतीत कार्डे व डिस्क हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवतात.

पुसलेली छायाचित्रे परत मिळवणे

छायाचित्र पुसले असता मेमरी कार्डातील त्याची नोंद काढली जाते. मूळ माहिती त्या जागेवर नवे लेखन होईपर्यंत बहुधा तशीच राहते. म्हणून चूक लक्षात येताच त्या कार्डावर आणखी छायाचित्रे काढणे ताबडतोब थांबवून ते कॅमेऱ्यातून काढून ठेवणे आवश्यक असते. नंतर संगणकावर फोटोरेकसारख्या विनामूल्य प्रणालीच्या साहाय्याने ती परत मिळवता येऊ शकतात. परत मिळवलेल्या संचिका त्याच कार्डावर न साठवता अन्यत्र साठवाव्या लागतात.