थोडे पाहावे, निवांत पाहावे : ज्येष्ठांसाठी बारामती-इंदापूरचे स्थलदर्शन

दिवाळी सरून हवेत गारवा आला, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानी पडतो : "डॉक्टर, आईंना घेऊन कुठे तरी फिरून यावे म्हणतो. चालेल ना?" विचारणारा मुलगा असतो किंवा सून. ज्यांच्याविषयी विचारले जाते त्या आजी शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेल्या असतात. जाण्याची इच्छा त्यांच्या डोळ्यांत दिसते. पण आपल्यामुळे साऱ्यांचा खोळंबा होईल, ही धास्तीही तिथेच दिसते.

या प्रश्नाला सरसकट 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही. कुठे जायचे, यापेक्षा कसे जायचे, यावर ते अवलंबून असते. चाळीस जणांच्या बसमधून दिवसाला सात ठिकाणे उरकणारी सहल सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांना सोसत नाही. त्याच व्यक्तीला स्वतंत्र गाडी, सोबत स्थानिक जाणकार आणि अवघ्या तीन तासांचा बेत मिळाला, तर ती आनंदाने जाऊन येते. औषधाप्रमाणे प्रवासालाही मात्रा असते. ती ओळखली, तर वयाच्या नावाखाली घराचा उंबरठा हीच शेवटची सीमा मानण्याचे कारण उरत नाही. घरात बसून राहण्याचे तोटे कमी नाहीत : स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो, भूक मंदावते आणि मन उदास होत जाते.

पाहण्याजोगे घराजवळच आहे

ऐतिहासिक शहर म्हटले, की जयपूर, वाराणसी, म्हैसूर ही नावे आठवतात. पण ज्येष्ठांच्या छोट्या स्थलदर्शनासाठी आपल्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात पुरेसे वैभव आहे. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही शहाजीराजांच्या जहागिरीतील नावे. त्यांपैकी सुपे आज बारामती तालुक्यात आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांचा अंत इंदापुरात झाला आणि त्यांच्या नावाची गढी तिथे आहे. बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. त्यांच्याच आश्रयाने मोरोपंत येथे स्थिरावले. पन्हाळ्यास १७२९ मध्ये जन्मलेल्या या कवीने आपले बहुतेक आयुष्य बारामतीत काव्यरचनेत घालवले आणि १७९४ मध्ये येथेच देह ठेवला. ज्यांनी शाळेत आर्या तोंडपाठ केल्या, अशा पिढीला कऱ्हाकाठी तासभर बसणे हीच एक यात्रा आहे.

मोरगावचा मयूरेश्वर बारामती तालुक्यातच आहे. नीरा-नरसिंहपूरला नीरा आणि भीमा यांचा संगम आहे. हिवाळ्यात भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ परिसरात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ज्यांनी तरुणपणी तुकोबांच्या पालखीबरोबर बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर ही वाट पायी तुडवली, त्यांना तीच वाट गाडीतून दाखवावी आणि बेलवाडीच्या रिंगणाच्या जागी पाच मिनिटे उतरवावे. याहून मोठी सहल त्यांना लागत नाही.

करार ठिकाणांचा नव्हे, तासांचा

गाडी आणि वाटाड्या ठरवताना बहुतेक कुटुंबे ठिकाणांची यादी देतात. यादी दिली, की ती पुरी करण्याची घाई आपोआप येते. चालक घड्याळ पाहू लागतो, मुले पुढे चालू लागतात आणि आजोबा दम लागला तरी बोलत नाहीत. म्हणून माझा सल्ला असा, की करार तासांचा करावा : सकाळी साडेसात ते साडेदहा गाडी आणि जाणकार आमचे, त्या वेळात एक ठिकाण होवो वा दोन. एका दिवशी बारामती, पुढच्या महिन्यात मोरगाव, त्यानंतर नरसिंहपूर. इतक्या जवळच्या जागा एकाच दिवशी गाठण्याची निकड नाही.

जाणकार म्हणून गावातील निवृत्त शिक्षक किंवा इतिहासाची आवड असलेला तरुण मिळाला, तर उत्तम. त्याला तीन गोष्टी आधीच सांगाव्यात. पहिली, चालता चालता माहिती सांगू नये. उतारवयात चालणे आणि ऐकणे या दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष देणे मेंदूला जड जाते, तोल सुटतो आणि पडण्याचा धोका वाढतो. आधी बसावे, मग सांगावे. दुसरी, ऐकू कमी येणाऱ्यांशी ओरडून नव्हे, तर समोर उभे राहून, चेहरा दिसेल असे सावकाश बोलावे. तिसरी, प्रत्येक ठिकाणी सावली, बसण्याची जागा आणि वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह कुठे आहे, हे त्याने आदल्या दिवशी पाहून ठेवावे. कमोड आहे की नाही, हा गुडघेदुखीच्या रुग्णासाठी शिलालेखाइतकाच महत्त्वाचा तपशील असतो.

निघण्यापूर्वी

घरी एक सोपी चाचणी करावी. सपाट जागी आपल्या गतीने दहा मिनिटे चालता येते का? चालताना बोलता येते का? एक जिना न थांबता चढता येतो का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर वर सांगितलेला बेत बहुधा झेपतो. उत्तर 'नाही' असेल, तर चाकांची खुर्ची किंवा घडीची हलकी खुर्ची बरोबर घ्यावी. ती वापरण्यात कमीपणा नाही.

छातीत दुखणे नव्याने सुरू झाले असेल, आडवे झाल्यावर धाप लागत असेल, ताप असेल, नुकतेच पडून डोक्याला मार लागला असेल, किंवा रक्तदाब वरचा १८० वा खालचा ११० यापुढे राहत असेल, तर जाणे पुढे ढकलावे आणि आधी डॉक्टरांना गाठावे. गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या अनुमतीशिवाय निघू नये.

औषधे हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत, डिकीत नव्हे. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवून जाऊ नये. औषधांची चिठ्ठी सोबत असावी. विस्मरणाचा आजार असलेल्यांच्या खिशात नाव आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड ठेवावे. अशा व्यक्तींचा गोंधळ तिसऱ्या प्रहरानंतर वाढतो, म्हणून त्यांच्यासाठी सकाळच योग्य.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर नाश्ता लांबवू नये. 'दर्शन झाल्यावर खाऊ' असे म्हणणाऱ्यांची साखर वाटेतच उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा असंबद्ध बोलणे दिसताच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि सावध झाल्यावर खाऊ घालावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाणी टाळण्याची सवय

प्रवासातील सर्वांत मोठा धोका मला वाटेवरच्या खड्ड्यांपेक्षा रिकाम्या पेल्यात दिसतो. वाटेत लघवीला जावे लागू नये म्हणून आपल्याकडच्या आजी सकाळपासून पाणी पीत नाहीत. आजोबा 'पाण्याची गोळी' गुपचूप चुकवतात. पहिल्याने शरीर सुकते, चक्कर येते, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. दुसऱ्याने हृदय दुर्बळ असलेल्या रुग्णाच्या पायांवर आणि फुप्फुसांत पाणी साठू शकते. याला इलाज धाकदपटशाचा नाही, सोयीचा आहे. तासाभराने गाडी थांबणार आणि तिथे नीट स्वच्छतागृह असणार, अशी खात्री दिली, की पेला आपोआप रिकामा होतो. गोळीची वेळ त्या दिवसापुरती बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी बंद करू नये. पाणी मोजून पिण्यास सांगितलेल्या रुग्णांनी तेच प्रमाण पाळावे.

दर तासाभराने उतरून चार पावले चालल्याने पायांवरची सूज आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. उतरताना मात्र आधी पाय बाहेर टेकवून मिनिटभर बसावे आणि मग उभे राहावे. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही औषधांमुळे एकदम उठल्यावर भोवळ येते.

पायऱ्या आणि तापलेली फरशी

आपली जुनी ठिकाणे पायऱ्यांची आहेत. चढताना बरा पाय आधी टाकावा. उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. सोबत्याने चढताना मागे आणि उतरताना पुढे, एक पायरी खाली राहावे. नरसिंहपूरच्या घाटाच्या साऱ्या पायऱ्या उतरल्या तरच पुण्य लाभते, असे नाही. वरच्या टप्प्यावर बसूनही संगम पाहता येतो.

मधुमेही रुग्णांसाठी एक गोष्ट अधिक आवर्जून सांगतो. देवळाच्या आवारात पादत्राणे काढावी लागतात. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांना तापलेल्या दगडी फरशीचा चटका कळतच नाही. घरी आल्यावर तळव्याला फोड दिसतो आणि पुढे त्याची जखम महिनोन्महिने भरत नाही. दर्शन सकाळी नऊच्या आत उरकावे, जाड सुती पायमोजे घालावेत आणि गाडी जवळात जवळ उभी करावी.

पळसदेवचे आजोबा

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमेकाठची अनेक गावे यशवंतसागराच्या पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव त्यांपैकी एक. तेथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाणी पुरेसे ओसरले, तरच उघडे पडते, आणि पाणी ओसरते ते उन्हाळ्यात. ज्येष्ठांच्या प्रकृतीला सर्वांत प्रतिकूल तोच काळ.

माझ्या एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या रुग्णाचे बालपण अशाच एका बुडालेल्या गावात गेले. हृदय दुर्बळ, जोडीला मधुमेह. एका मे महिन्यात त्यांनी एकच मागणे केले : देऊळ उघडे पडले आहे, एकदा दाखवा. मुलांनी नातेवाइकांसह दुपारी निघून होडीने पलीकडे जाण्याचा बेत आखला होता. मी नकार दिला नाही. बेत बदलायला सांगितला. पहाटे पाचला गाडी निघाली. सोबत दोन मुले आणि त्या भागातला एक माहीतगार तरुण, एवढेच. होडी रद्द. काठावर गाडी जाईल तिथवर न्यायची, खुर्ची मांडायची आणि ऊन चढण्याआधी परतायचे. देवळापर्यंत जाण्याचा हट्ट धरायचा नाही, हे आजोबांनी आधी कबूल केले.

ते तिथे पाऊण तास बसले. माहीतगार तरुणाने देवळाची माहिती सांगायला आरंभ केला. पण थोड्याच वेळात बोलू लागले ते आजोबा. जत्रा कुठे भरे, नदीची पायवाट कुठे होती, कोणाचे घर कोणत्या अंगाला होते, हे ते हाताने दाखवत गेले आणि तो तरुण ऐकत राहिला. मोठ्या गटाच्या सहलीत हे घडले नसते. तिथे वाटाड्याचे बोलणे थांबवायला कोणाला सवड नसते. साडेआठला ते घरी पोचले. दुसऱ्या दिवशी वजन, रक्तदाब, पावले, सारे जसेच्या तसे होते.

होडीला मी नकार का दिला, तेही सांगायला हवे. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. भिगवणला पक्षी पाहण्यासाठी होडीत बसायचे असेल, तर प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट हवे, होडी भरगच्च नको आणि वारा सुटला असेल तर काठावरूनच पाहावे. दम्याच्या रुग्णांनी तिथल्या पहाटेच्या गारठ्यात नाक-तोंड मफलरने झाकावे आणि फवाऱ्याचे औषध खिशात ठेवावे.

उन्हात अंग तापून बोलण्यात गोंधळ सुरू झाला, तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि लगेच १०८ ला कळवावे. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो आणि तहानही उशिरा कळते. म्हणून त्यांनी मागेपर्यंत थांबू नये.

परतल्यानंतर

त्या रात्री दोन्ही पावले, बोटांच्या बेचक्यांसह, उजेडात पाहावीत. हृदयविकाराच्या रुग्णांनी पुढचे दोन-तीन दिवस सकाळी वजन करावे. दोन किलोने वाढले किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर थांबू नये. नुसता थकवा असेल, तर तो एका दिवसाच्या विश्रांतीने जातो. तो दोन दिवसांहून अधिक टिकला, तर पुढच्या वेळी तास कमी करावेत. जाणे बंद करू नये.

आणि पुढचे ठिकाण ठरवताना दवाखान्यातल्या खुर्चीत गप्प बसलेल्या आजींनाच विचारावे, "तुम्हांला काय पाहायचे आहे?" उत्तर बहुधा फार दूरचे नसते.