वजन घटले, कातडी उरली

वर्ष-दीड वर्ष पथ्य सांभाळून, पहाटे उठून चालून किंवा बेरिअॅट्रिक शस्त्रक्रिया करून घेऊन एखाद्याचे वजन चाळीस-पन्नास किलोंनी उतरते. नातलग कौतुक करतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, जुने कपडे वाटून टाकले जातात. आणि मग आरशासमोर उभे राहिल्यावर एक अनपेक्षित दृश्य दिसते. पोटाची कातडी पडद्यासारखी ओटीपोटावर लोंबते आहे, हात उंचावला की दंडाखालची झोळी हलते आहे, छाती आणि मांड्या ओघळल्या आहेत. पुष्कळांना वाटते, अजून चरबी शिल्लक आहे. ते जेवण आणखी कमी करतात, चालणे आणखी वाढवतात. चूक होते ती नेमकी इथे.

ही उरलेली वळी चिमटीत धरून पाहावी. ती जाड, भरीव लागली तर तिच्यात चरबी आहे. दुमडलेल्या कापडासारखी पातळ लागली तर ती प्रामुख्याने त्वचाच आहे. अनेकांच्या बाबतीत दोन्हींचे मिश्रण असते. परंतु त्वचा हा चरबीसारखा साठा नाही, तो शरीराचा एक अवयव आहे. उपाशी राहिल्याने तो आटत नाही. उलट अशा उपासमारीत स्नायू झिजतात आणि कातडी आतून अधिकच रिकामी पडते.

त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिन या दोन प्रथिनांच्या तंतूंचे जाळे असते. कोलॅजेन त्वचेला बळकटी देते, तर ताणल्यावर मूळ जागी परतण्याचा गुण इलॅस्टिनमुळे येतो. शरीर इलॅस्टिन तयार करते ते मुख्यतः जन्माच्या सुमारास आणि बालपणात. पुढे आयुष्यभर त्याच भांडवलावर निभवावे लागते. वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेतील हे तंतू तुटतात आणि विस्कळीत होतात. मोठ्या प्रमाणावर वजन घटलेल्या रुग्णांची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली असता तेथे कोलॅजेनची वीण विरळ आणि अस्ताव्यस्त झालेली आढळते. जुन्या चड्डीचे इलॅस्टिक सैल पडावे, तसाच हा प्रकार. कितीही धुतली तरी ती पुन्हा घट्ट होत नाही.

कोणाची त्वचा किती आकसेल, हे वय, आनुवंशिकता, किती किलो घटले आणि त्याआधी किती वर्षे शरीर स्थूल होते, यांवर ठरते. पंचविशीतल्या तरुणाची आणि पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाची तुलना होऊ शकत नाही. धूम्रपान आणि उन्हाचा मारा यांनी कोलॅजेनची हानी होते. गर्भारपणात ताणलेल्या पोटाची कथा वेगळीच. वजन स्थिरावल्यानंतर काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षे त्वचा थोडीफार आवळत राहते, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. त्यानंतर जे उरते ते मात्र आपोआप जाणार नाही, हे स्वीकारलेले बरे.

वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांनी या प्रश्नाला नवे रूप दिले आहे. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. जे वजन पूर्वी शस्त्रक्रियेनेच उतरत असे, ते आता अनेकांचे औषधाने उतरू लागले. परंतु घटणाऱ्या किलोंत केवळ चरबी नसते. साधारण चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, स्नायू आदी चरबीविरहित ऊतींचा असतो. भूकच मेल्याने जेवण तुटपुंजे होते, आणि आपल्या पोळी-भाताच्या ताटात प्रथिने आधीच बेताची असतात. मटकी-मुगाची उसळ, डाळ, दही, पनीर, अंडी, मासळी यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. जोडीला आठवड्यातून दोन-तीन वेळा वजने उचलण्याचा किंवा बैठका-दंडांसारखा व्यायाम हवा, नुसते चालणे पुरत नाही. याने कातडी कमी होत नाही, पण तिच्याखालचा भाग भरतो. दंड, मांड्या आणि नितंब येथे हा फरक डोळ्यांना दिसतो, लोंबत्या पोटावर जवळजवळ दिसत नाही.

त्वचा घट्ट करण्याचे आश्वासन देणाऱ्या क्रीम आणि तेलांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ती वरच्या थराला मऊपणा देतात, इतकेच. रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा अल्ट्रासाउंडच्या यंत्रांचा उपयोग किंचित सैल त्वचेला थोडा होतो. ओटीपोटावर उतरलेल्या झोळीसाठी अशा बैठकांचे पॅकेज विकत घेणे म्हणजे पैशांचा अपव्यय होय.

हा प्रश्न निव्वळ दिसण्याचा नाही, हे ठळकपणे जाणवते ते पावसाळ्यात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वळीखालचा घाम वाळत नाही, कपडे अर्धवट ओले राहतात, त्वचेवर त्वचा घासते. ती लाल होते, सोलवटते, तिला वास येऊ लागतो आणि मग तेथे बुरशी वाढते. मधुमेह पूर्णपणे आटोक्यात नसेल तर त्रास दुप्पट. साडी नेसणाऱ्या स्त्रियांत परकराची घट्ट नाडी नेमकी या वळीत रुतून जखम करते. अशा वेळी बहुतेक जण औषधाच्या दुकानात जाऊन खाजेवरचे मलम मागतात, आणि हातात पडते ते बहुधा स्टेरॉइडमिश्रित असते. दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते. शिवाय स्टेरॉइडने त्वचा आणखी पातळ होते, तिच्यावर भेगांसारखे पट्टे उमटतात. म्हणजे आधीच कमकुवत असलेल्या त्वचेचे उरलेसुरले बळही जाते. अशा अनेक मलमांना सरकारने २०१८ मध्ये शेड्यूल एचखाली आणले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत. तरीही विक्री थांबलेली नाही. देशात चिवट नायट्याचा जो उपद्रव गेल्या काही वर्षांत वाढला, त्यामागे त्वचारोगतज्ज्ञ या मलमांकडेही बोट दाखवतात.

वास्तविक काळजी साधी आहे. आंघोळीनंतर प्रत्येक वळी उचलून सुती कापडाने टिपून कोरडी करावी, घासू नये. वळीत मऊ सुती पट्टी ठेवावी आणि ती ओलसर होताच बदलावी. परकर नाडीऐवजी रुंद पट्ट्याचा असावा. चालताना घट्ट बसणारे अंतर्वस्त्र घातले तर घर्षण कमी होते. लाली चार दिवसांत ओसरली नाही, तर दुकानदाराला नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. वारंवार होणाऱ्या या संसर्गाची नोंद आणि छायाचित्रे जपून ठेवावीत. ती पुढे उपयोगी पडतात.

खरा उपाय शस्त्रक्रियेचा, आणि तो जुना आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये पोटावरची लोंबती कातडी व चरबी काढल्याची नोंद केली. केली हे प्लास्टिक सर्जन नव्हते, स्त्रीरोगतज्ज्ञ होते. आज यात दोन प्रकार केले जातात. पॅनिक्युलेक्टमीमध्ये केवळ लोंबणारा भाग कापून काढतात. अॅब्डोमिनोप्लास्टीत त्यासोबत पोटाचे सैलावलेले स्नायू शिवून घट्ट केले जातात आणि बेंबी नव्या जागी बसवली जाते. दंड, मांड्या, छाती यांच्या शस्त्रक्रिया वेगळ्या, आणि त्या बहुधा काही महिन्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने होतात. लायपोसक्शनने चरबी ओढली जाते, कातडी नाही. सैल त्वचेवर एकटे लायपोसक्शन केले तर झोळी अधिकच रिकामी होते.

घाई मात्र येथे महागात पडते. वजन किमान तीन ते सहा महिने स्थिर असावे लागते, आणि बेरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो. इंग्लंडमधील पॉल मेसन या एकेकाळी सुमारे ४४० किलो वजन असलेल्या गृहस्थाची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. २०१० मध्ये त्याच्यावर गॅस्ट्रिक बायपास झाली, वजन झपाट्याने उतरले. कातडी काढण्याची शस्त्रक्रिया मात्र न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली होऊ शकली. मधली वर्षे तो ते ओझे अंगावर वागवत होता.

थांबण्याचा हा काळ वाया घालवायचा नसतो. बायपासनंतर लोह, बी-१२ आणि प्रथिनांची कमतरता सर्रास आढळते, आणि कमी हिमोग्लोबिनवर मोठी जखम नीट भरत नाही. धूम्रपान निदान चार आठवडे आधी बंद हवे, अन्यथा कापलेल्या त्वचेची कड रक्ताअभावी काळी पडून मरते. वजन घटवणारे इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवे, कारण त्याने जठर रिकामे होण्यास वेळ लागतो. मूल हवे असलेल्या स्त्रीने ही शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर करावी. टाक्यांखाली पाणी साचणे, जखम उसवणे, संसर्ग, पायांतील शिरेत रक्ताची गुठळी, हे धोके वजन घटलेल्या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक असतात. ते स्पष्टपणे न सांगणाऱ्या सर्जनकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

उरतो प्रश्न पैशांचा. ठरावीक अटींवर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया भरून देणाऱ्या विमा पॉलिसीदेखील कातडी काढण्याला सौंदर्योपचार मानून हात वर करतात. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेच्या त्या कलमात अपघात, भाजणे व कर्करोगाखेरीज आणखी एक अपवाद आहे : आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार. वळीतील संसर्गाच्या नोंदी, छायाचित्रे आणि त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या कामी येतात त्या येथे. दावा मंजूर होईलच असे नाही, पण कागद नसतील तर वादालाही जागा उरत नाही. मुंबईत केईएम, शीव, नायर आणि जे. जे. या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तेथे भाजलेल्या आणि अपघातग्रस्त रुग्णांना अग्रक्रम मिळणार, हे उघडच आहे.

पोटाची शस्त्रक्रिया झाल्यावर पहिले काही दिवस किंचित वाकून चालावे लागते, पोटातून निघालेल्या नळ्या सांभाळाव्या लागतात आणि काही आठवडे घट्ट पट्टा बांधावा लागतो. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत जाणारा व्रण कायमचा राहतो. तो लाल-जाड असतो तो वर्ष-दीड वर्ष, पुढे फिकटतो. ज्यांना जुन्या जखमांवर गाठी येतात त्यांच्यात तो उंच राहू शकतो, म्हणून हे आधीच सांगावे. व्रणाची रेषा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उभे करून पेनाने आखली जाते. साडी नेसणाऱ्या स्त्रीने त्या वेळी परकर नेमका कुठे बांधते ते डॉक्टरांना दाखवावे, म्हणजे रेषा त्याच्या खाली घेता येते.