ऐकलेले आणि ऐकीव

एखाद्या कलाकृतीचा निकाल ती रसिकांपुढे येताक्षणीच लावून टाकायचा आणि पुढे वर्षानुवर्षे मूळ कृतीकडे न वळता तो निकालच उगाळत बसायचे, हा प्रकार केवळ आपल्याकडेच चालतो असे कोणी समजू नये. इंग्लंडातील 'येस' या नामांकित रॉक वाद्यवृंदाच्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' या दोन तबकड्यांच्या संचाचे असेच झाले. डिसेंबर १९७३ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि पुढची दोन-तीन दशके अतिरेक, दंभ आणि कंटाळा यांचा नमुना म्हणून त्याच्याकडे बोट दाखविले गेले. आता वारे फिरले आहे. ज्यांनी आजवर त्याची थट्टाच तेवढी ऐकली होती, ती माणसे तो संच ऐकू लागली आहेत. ही घटना आमच्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले, कारण या संचाच्या चार बाजू ज्या चार शब्दांवर उभ्या आहेत, ते शब्द आपल्या घरचे आहेत : श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र.

जॉन अँडरसन हा गायक आणि ख्रिस स्क्वायर हा बेस गिटारवादक यांनी १९६८ साली लंडनमध्ये 'येस'ची स्थापना केली. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडावी आणि रॉकच्या वाद्यांवर पाश्चात्त्य अभिजात संगीताचा विस्तार पेलून पाहावा, अशी ईर्षा त्या काळी इंग्लंडातील अनेक तरुणांना झाली होती. या प्रवाहास 'प्रोग्रेसिव्ह रॉक' असे नाव पडले. १९७२ च्या 'क्लोज टु द एज' या तबकडीत 'येस'ने एकच रचना सबंध बाजूभर वाजविली आणि ती रसिकांनी डोक्यावर घेतली. त्यानंतर ढोलवादक बिल ब्रूफर्ड 'किंग क्रिमसन' या दुसऱ्या वृंदात गेला आणि त्याच्या जागी ॲलन व्हाइट आला.

या ब्रूफर्डच्या लग्नात, मार्च १९७३ मध्ये, अँडरसनची गाठ 'किंग क्रिमसन'च्या जेमी म्यूर या वादकाशी पडली. परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र वाच, असे म्यूरने त्याला सुचविले. (हा म्यूर पुढे संगीत सोडून स्कॉटलंडमधील बौद्ध मठात जाऊन राहिला.) मूळ इंग्रजी ग्रंथ १९४६ साली निघाला आणि 'योगी कथामृत' या नावाने तो मराठी घरांतही पोहोचला. त्याच महिन्यात वृंद जपानच्या दौऱ्यावर गेला. टोकियोतील हॉटेलच्या खोलीत अँडरसन ग्रंथ वाचीत असता त्र्याऐंशीव्या पृष्ठावरील एका तळटिपेपाशी थांबला. हिंदूंच्या शास्त्रग्रंथांचे श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र असे चार वर्ग असून धर्माचरणापासून वैद्यक, शिल्प आणि कलांपर्यंत सर्व जीवन त्यांनी व्यापले आहे, अशा आशयाची ती टीप. त्यात त्याला चार बाजूंचा आराखडा दिसला. गिटारवादक स्टीव्ह हाव याच्यासह पुढच्या मुक्कामांवर, हॉटेलच्या खोल्यांत मेणबत्त्या लावून, रात्री जागवून त्याने त्या आराखड्यात सुरावटी भरल्या.

येथे आपल्याकडील काहींची छाती अभिमानाने फुगेल, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. अँडरसनने वेद वाचले नव्हते, पुराणे वाचली नव्हती. त्याने एक तळटीप वाचली होती. वेष्टनावरील टिपणात तर 'स्मृती' हा शब्दही धड उतरला नाही, त्याचे 'सुरिती' होऊन बसले. या संगीतात तबला नाही, कोणताही राग नाही. चार बाजूंना चार शास्त्रवर्गांची नावे दिली खरी, पण श्रुतीच्या जागी पुराण ठेवले असते तर स्वरांत काही बिघडले असते असे नव्हे. आमच्या शास्त्रांनी पश्चिमेला जिंकले, असा डंका पिटण्यास येथे जागा नाही. आणि तसा डंका पिटणारा माणूसदेखील तबकडी ऐकत नाहीच. टवाळखोराप्रमाणे त्यालाही मथळाच पुरतो.

मग या संगीताची मुळे कोठे आहेत? ती इंग्लंडच्या मातीत आहेत. स्क्वायर लहानपणी लंडनमधील चर्चच्या गायनवृंदात गाणारा मुलगा. अनेक कंठ एकमेकांत मिसळून उंच चढवीत न्यायचे, ही 'येस'ची ओळख त्या प्रार्थनागृहातून आलेली आहे. गोव्यातील चर्चशाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वृंद उभे केले, हे जाणणाऱ्या आमच्या वाचकांना त्यात नवल वाटू नये. योगानंदांच्या तळटिपेने या मंडळींना एवढा विस्तार करण्याचे धैर्य दिले. संगीत त्यांचे स्वतःचेच होते.

ध्वनिमुद्रण लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत झाले आणि थट्टेची सामग्री तेथूनच गोळा झाली. खेड्यात जाऊन काम करावे, अशी वृंदातील काहींची इच्छा होती. ती पुरी होत नाही म्हटल्यावर स्टुडिओतच गवताच्या पेंढ्या, पांढरे कुंपण आणि गाईंच्या प्रतिकृती मांडण्यात आल्या. कीबोर्डवादक रिक वेकमन याचे या प्रकल्पात मन रमेना. तो शेजारच्या दालनात ध्वनिमुद्रण करीत असलेल्या 'ब्लॅक सॅबथ'कडे जाऊन बसे आणि त्यांच्या एका गाण्यात त्याने वाजविलेही. नोव्हेंबर १९७३ मध्ये दौरा सुरू झाला, तेव्हा श्रोत्यांना अनोळखी असलेला हा सगळा ऐवज रंगमंचावर सलग सादर होऊ लागला. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधील प्रयोगात वेकमन चालू कार्यक्रमातच वाद्यापाशी बसून जेवला, हा किस्सा तर त्या तबकडीपेक्षा अधिक प्रसिद्ध आहे. त्याच्याच सांगण्यानुसार ताटात होते चिकन विंदालू. आपली विंदालू! पोर्तुगीजांच्या लसूण-मद्याच्या मुरवणीतून निघून, गोव्यात माडाच्या सुरेचे विनाग्र आणि मसाला घेऊन, ती इंग्लंडच्या उपाहारगृहांत पोहोचली आणि तेथे डुकराच्या मांसाची कोंबडी झाली. तळटिपेतील शास्त्रे आणि ताटातील विंदालू एकाच रंगमंचावर आली, याची गंमत त्या गोऱ्या श्रोत्यांपेक्षा गोमंतकीयालाच अधिक कळावी.

संच खपला भरपूर. इंग्लंडात तो पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत सहाव्या. समीक्षकांनी मात्र नाके मुरडली. १९७४ मध्ये वेकमनने वृंद सोडला. १९७६-७७ च्या सुमारास 'पंक'चे वादळ आले, आणि तीन सुरांत तीन मिनिटांचे गाणे म्हणणाऱ्या त्या पोरांच्या बाजूने लिहिणाऱ्या पत्रकारांना जुन्या पिढीच्या फाजील हौसेचा पुरावा हवा होता. तो या संचाच्या रूपाने आयताच हाती लागला. गाई, पेंढ्या, विंदालू, तळटीप : चार किस्से सांगितले की समीक्षा संपली. श्रुती म्हणजे जे ऐकले ते. ऐकीव म्हणजेही ऐकलेलेच. परंतु पहिल्यात स्वतःचा कान झिजलेला असतो, दुसऱ्यात दुसऱ्याची जीभ.

वेकमनचा मुख्य आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आपल्यापाशी एका तबकडीपेक्षा अधिक आणि दोन तबकड्यांपेक्षा कमी ऐवज होता, म्हणून पाणी घालून तो वाढविला गेला, असे तो म्हणत आला आहे. ऐंशी मिनिटांचे संगीत चार बाजूंवर बसविले म्हणजे प्रत्येक बाजूला वीस मिनिटे आली, आणि ती भरणे भाग पडले. यंत्राची मर्यादा कलेचे माप ठरवते, हे आपणांस नवे नाही. केसरबाई केरकरांच्या गळ्यातील अफाट विस्तार ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या तीन मिनिटांत कोंबावा लागला, याची हळहळ जाणकार आजही करतात. तेथे माप तोकडे पडले, येथे ते सैल झाले. दुसऱ्या बाजूवर एकच भाव जरा जास्त वेळ घोळत राहतो आणि तिसऱ्या बाजूचा पूर्वार्ध, निरनिराळ्या भाषांतील सूर्याची नावे आणि तालवाद्यांचा गलबला यांनी भरलेला, आम्हांसही खडतर वाटतो. त्याचे समर्थन करण्याची आमची इच्छा नाही.

पण पहिली बाजू! मंत्रपठणासारख्या एकसुरी, हळूहळू वेग घेणाऱ्या समूहस्वरांनी ती उघडते, आणि पुढे वीस मिनिटांत ज्या तीन-चार सुरावटी पुनःपुन्हा येतात, त्या दर खेपेला नव्या वाद्यावर, नव्या उजेडात येतात. शेवटाकडे वेकमनचे जे एकल वादन आहे ते त्याच्या उत्तम कामगिरीत धरले पाहिजे. मन नसतानाही त्या माणसाचा हात खोटे वाजवीत नव्हता. चौथ्या बाजूवर स्क्वायरचा बेस, एरवी साथीला राहणारे ते वाद्य, गायकासारखा पुढे येतो. मग वादकच तालवाद्ये हाती घेऊन एक घनघोर संग्राम उभा करतात, आणि तो ओसरल्यावर अँडरसनचा आवाज जवळजवळ एकटा उरतो. ती शांतता त्या गदारोळाने मिळविलेली असते. नुसता तुकडा कापून ऐकविला तर ती लाभत नाही.

या संचाची फेरओळख कोणा विद्वानाच्या लेखाने झाली नाही, ती ऐकणाऱ्यांनी केली. ज्यांच्या कपाटात रॉजर डीनने रंगविलेले ते वेष्टन, ज्यावर समुद्रतळ, मासे आणि माया संस्कृतीचे मंदिर एकाच निसर्गात नांदतात, जपून ठेवलेले होते, ते दुसऱ्यांना ऐकवीत राहिले. १९९६ साली अँडरसन, स्क्वायर, हाव, वेकमन आणि व्हाइट कॅलिफोर्नियात पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांनी पहिली बाजू संपूर्ण वाजविली. वाजविणाऱ्यांत वेकमनही होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. २००३ च्या आवृत्तीत पहिल्या बाजूच्या आरंभीची, १९७३ साली कापलेली सुमारे दोन मिनिटे परत जोडण्यात आली. २०१६ साली स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने मूळ फितींवरून नव्याने मिश्रण केले. पूर्वीच्या ध्वनिमुद्रणात जे एकमेकांत गढूळ झाले होते ते स्वर सुटे सुटे ऐकू येऊ लागले, आणि ज्याला पाल्हाळ म्हटले जात होते त्यातले काही तरी निव्वळ गढूळपणाच होते, हे कळून आले. त्याच सुमारास वृंदाने पहिली आणि चौथी बाजू दौऱ्यावर नेली. स्क्वायर मात्र तोवर राहिला नव्हता. जून २०१५ मध्ये तो गेला. व्हाइटही २०२२ मध्ये गेला.

पन्नास वर्षे पुरी झाल्यावर, हावच्या नेतृत्वाखालील आजच्या 'येस'ने या चारही बाजूंतून निवडलेला वीसेक मिनिटांचा गोफ कार्यक्रमांत गुंफला. ऐंशीचे वीस झाले! वेकमनचे म्हणणे सिद्ध झाले म्हणून कोणी टाळी द्यावी, कोणी साठ मिनिटे गमावल्याबद्दल हळहळावे. आम्ही दुसऱ्या पंक्तीत बसतो, पण पहिल्या पंक्तीतल्यांशी आमचे वैर नाही, त्यांनी ती साठ मिनिटे एकदा ऐकलेली असली म्हणजे झाले.

आमच्या वाचकांपैकी ज्यांना कुतूहल वाटेल त्यांनी पहिल्या बाजूपासून आरंभ करावा, आणि हातातले दुसरे काम बाजूला ठेवावे. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यास वीस मिनिटांचे भय नसते. दुसरी बाजू रात्रीची ऐकावी. तिसऱ्या बाजूच्या गलबल्याने जीव त्रासलाच, तर सुई उचलून शेवटच्या सहा मिनिटांवर ठेवावी. तेथे हावची गिटार, विजेच्या तारेवाचून, एकटी वाजते आहे.