एस्पेरान्तो : एक रचलेली भाषा

भाषा सहसा कोणी एकटा घडवीत नाही. नदीच्या पात्रातील गोट्याप्रमाणे ती अनेक पिढ्यांच्या व्यवहारात आपोआप आकार घेत जाते. म्हणूनच प्रत्येक भाषेच्या व्याकरणात नियमांबरोबर अपवादही आढळतात. तथापि, एका मनुष्याने हेतुपूर्वक रचलेली आणि तरीही देशोदेशी बोलली जाणारी अशी एक भाषा आहे. एस्पेरान्तो हे तिचे नाव.

तिचे जनक लुडविक झामेनहॉफ यांचा जन्म १८५९ साली ब्यालिस्टोक येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आज पोलंडमध्ये असलेले हे शहर त्या काळी रशियन साम्राज्यात मोडत असे. तेथे पोलिश, रशियन, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे लोक राहत. परंतु भाषेच्या भेदामुळे शेजाऱ्यास शेजारी परका वाटे. कोणत्याही एका राष्ट्राची नसलेली आणि म्हणून कोणासही कमीपणा न आणणारी अशी एक समान भाषा असावी, हा विचार झामेनहॉफ यांच्या मनात बालपणीच रुजला. पुढे ते नेत्रवैद्य झाले. १८८७ साली वॉर्सा येथे त्यांनी या भाषेची पहिली पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत व्याकरणाचे अवघे १६ नियम आणि सुमारे ९०० मूळ शब्द होते. पुस्तिकेवर त्यांनी ‘डॉक्टर एस्पेरान्तो’, म्हणजे ‘आशा बाळगणारा डॉक्टर’, असे टोपणनाव घातले होते. तेच पुढे भाषेचे नाव झाले.

या भाषेत २८ वर्ण असून स्वर पाचच आहेत. ट, ड यांसारखे मूर्धन्य आणि ख, घ यांसारखे महाप्राण वर्ण तीत नाहीत. प्रत्येक वर्णाचा उच्चार एकच असतो. मराठीत ‘चहा’ आणि ‘चूल’ यांतील ‘च’ निराळे उच्चारले जातात, पण लिहिले जातात एकसारखेच. एस्पेरान्तोत या दोन ध्वनींसाठी दोन स्वतंत्र वर्ण आहेत. शब्दाच्या उपान्त्य अक्षरावर नेहमी आघात येतो.

व्याकरणही असेच सरळ आहे. प्रत्येक नामाच्या शेवटी ‘ओ’ आणि विशेषणाच्या शेवटी ‘आ’ येतो. ‘लेर्नी’ म्हणजे शिकणे. त्यावरून ‘लेर्नास’ हे वर्तमानकाळाचे, ‘लेर्निस’ हे भूतकाळाचे आणि ‘लेर्नोस’ हे भविष्यकाळाचे रूप होते. मराठीत ‘तो शिकतो’, ‘ती शिकते’, ‘ते शिकतात’ अशी क्रियापदाची रूपे बदलतात; येथे मात्र सर्वांसाठी ‘लेर्नास’ हे एकच रूप चालते. कर्माला ‘न’ हा प्रत्यय लागतो. ‘पात्रो विदास फिलोन’ म्हणजे ‘बाप मुलाला पाहतो’. शब्दांचा क्रम उलटून ‘फिलोन विदास पात्रो’ असे म्हटले, तरी अर्थ तोच राहतो. मराठीत ‘मुलाला बाप पाहतो’ म्हटल्यावर राहतो तसा.

थोड्या धातूंपासून पुष्कळ शब्द साधता येतात, हे या भाषेचे आणखी एक वैशिष्ट्य होय. ‘एयो’ हा प्रत्यय स्थान दर्शवितो. म्हणून ‘लेर्नेयो’ म्हणजे शाळा. ‘बोना’ म्हणजे चांगला. ‘माल’ हा उपसर्ग लावताच ‘मालबोना’, म्हणजे वाईट, असा शब्द तयार होतो. मात्र बहुतेक मूळ शब्द युरोपीय भाषांतून घेतलेले असल्यामुळे आशियातील विद्यार्थ्यास ते पाठ करण्याचे श्रम अधिक पडतात.

१९०५ साली फ्रान्समधील बूलोन्य येथे या भाषेचे पहिले जागतिक संमेलन भरले. निरनिराळ्या देशांतून आलेले प्रतिनिधी तेथे दुभाष्यावाचून एकमेकांशी बोलले. पुढचा काळ मात्र कठीण होता. हिटलरच्या जर्मनीत आणि स्टालिनच्या रशियात या भाषेच्या अनुयायांचा छळ झाला. झामेनहॉफ १९१७ साली निवर्तले. त्यांची तिन्ही मुले दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या हातून मारली गेली. भाषा मात्र टिकली. तिच्यावरील सर्व हक्क झामेनहॉफ यांनी आरंभीच सोडून दिले होते. ती सर्वांची मालमत्ता असावी, अशी त्यांची इच्छा होती. आज तीत पुस्तके निघतात, संमेलने भरतात आणि काही घरांत मुले ती मातृभाषा म्हणून बोलू लागतात.