हळदीचा रासायनिक ठसा

खूण : हळदीचा पिवळेपणा मुख्यतः तीन घटकांचा. कर्क्युमिन, डिमेथॉक्सिकर्क्युमिन, बिसडिमेथॉक्सिकर्क्युमिन. एकत्रित प्रमाण साधारण २ ते ५ टक्के.

चाचणी : एचपीटीएलसी, म्हणजे पातळ थरावर घटक वेगळे करण्याची पद्धत. सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर अस्सल हळदीचा आणि संशयित नमुन्याचा अर्क शेजारी शेजारी लावतात. द्रावक वर चढताना घटक वेगळे होतात. ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तीन पट्टे चमकतात. क्रम, जागा, ठळकपणा ताडून पाहतात.

भेसळ :
• मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग. हायड्रोक्लोरिक आम्लात गुलाबी-जांभळा होतो.
• लेड क्रोमेट. त्यातले शिसे या पट्टीवर दिसत नाही. धातूंची चाचणी वेगळी.
• कारखान्यातले कर्क्युमिन, विशेषतः गोळ्या-कॅप्सूलमध्ये. बहुधा एकच पट्टा उमटतो. बाकीचे दोन घटकही मिसळले असतील, तर कार्बन-१४ मोजतात. पेट्रोलियमपासून बनलेल्या कर्क्युमिनमध्ये तो नसतो.